राजुरीतला समुद्र आणि मावशीच्या शेळ्या

मावशीचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीच्या धक्क्यावर बाटलीत समुद्राचं पाणी भरत होते. "ते तुजं मशीन घिऊन ये बाई. काकांचा समुद्र आजारी पडलाय, गोगलगायी मरत्यात. घरात जीव मेलेला मला न्हाई सोसत. रविवारी पुण्याचा माणूस टाकी उचलून नेणार हाय."

मशीन म्हणजे पीएच मीटर, पाणी आंबट बाजूला किती सरकलंय ते सांगणारा; आकडा उतरला की पाणी आंबटाकडे. समुद्राचं पाणी तपासणं ही माझी नोकरी. आणि काकांचा समुद्र म्हणजे जुन्नर तालुक्यात, राजुरीच्या उसात असलेल्या घरातली काचेची खाऱ्या पाण्याची टाकी. टोमॅटोची गाडी घेऊन वाशीला जाताना काकांनी एका दुकानात अशी टाकी पाहिली आणि गडी येडाच झाला. मी रजा टाकली आणि निघाले.

पुण्याहून नाशिककडे जाणारी एसटी पकडा आणि पहाटेच निघा, नाहीतर चाकणचं ट्रॅफिक अंत पाहतं. मंचरला चहा घ्या. आळेफाट्याला उतरून मासवडी खाल्ली नाहीत तर तुमची-आमची कट्टी! नावात मासा, पण आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेलं बेसन, जोडीला झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. मी मासेखाऊ कोकणी बाई, तरी वाटी चाटूनपुसून लख्ख केली. फाट्यावरून राजुरीला वडाप मिळतं, माणसं भरली की सुटणारी जीप.

काका दारातच उभे होते. "पाच व्हत्या, दोन ऱ्हायल्या," एवढंच बोलले. मेलेल्यांचे शंख त्यांनी खिडकीत ठेवले होते. एकाची कड मी नखानं दाबली तर खडूसारखी भुगा झाली.

मीठ तपासलं, बरोबर. पीएच, बरोबर. खाणं, स्वच्छता, सगळं बरोबर. माझं डोकं तापलं. तेवढ्यात मावशीची एक शेळी येऊन काचेवर सुकलेलं मीठ चाटायला लागली. "हिनंच काहीतरी केलंय!" मी ओरडले.

"माज्या शेळीला बोलायचं काम न्हाई!" मावशी कडाडली. "आली मोठी समुद्राची डॉक्टरीण."

दुपारी काका मला गाडीवरून येडगावच्या धरणावर घेऊन गेले. हिवाळ्यात जरूर जा, पाणी तुडुंब असतं आणि काठावर बगळे निवांत. काका मात्र पाण्याकडे बघत म्हणाले, "मावशी म्हंती ते खरं हाय. माज्या हौसंपायी मुक्या जिवांचे हाल."

संध्याकाळी खरी गंमत. या भागात बिबट्याचा वावर लई. दिवस मावळताच मावशीनं शेळ्या आणि कुत्रं टाकीच्याच खोलीत घेतलं, दारं-खिडक्या लावल्या, थंडी म्हणून फटीत चिंध्या कोंबल्या. शिवाय आम्ही तिघंही तिथंच झोपलो. सकाळी उठले तर डोकं जड, जीव कोंदलेला. आणि एकदम ट्यूब पेटली. धावत जाऊन मीटर टाकीत बुडवला. आकडा चांगलाच घसरलेला! दिवसा दारं उघडी राहिली की तो पुन्हा वर चढायचा, म्हणून काल मला काही दिसलं नव्हतं.

"काका, तुमचा समुद्र शेळ्यांचा उच्छ्वास पितोय!"

सांगते. आपण सोडतो तो कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की पाणी आंबट बाजूला सरकतं. लगेच लिंबूपाणी होत नाही, पण शंखाला कवच बांधायला लागणारा माल कमी पडतो, आणि फारच घसरलं तर बांधलेलं कवचही झिजतं. मोठ्या समुद्रात हेच होतंय, सावकाश. तिथं शेळ्या नाहीत, आपल्या गाड्या आणि धुराडी आहेत.

"मंग शेळ्या काय बिबट्याला घालू?" मावशीनं कमरेवर हात ठेवले.

उपाय काकांनाच सुचला. ठिबक सिंचनाची बारीक नळी शेतात पडलेलीच होती. टाकीत हवा सोडणारा पंप बाहेर वळचणीला डब्यात बसवला आणि नळी वरच्या झरोक्यातून आत घेतली. पाण्याला आता बाहेरची ताजी हवा. त्या रात्री शेळ्या आत, दारं बंद, सगळं तसंच. सकाळी आकडा अगदी जेमतेम घसरला होता. काका टाकीपाशी बसून राहिले, डोळे भरलेले. मावशीनं पुण्याच्या माणसाला फोन लावला. "न्हाई वो भाऊ, टाकी न्हाई द्यायची. घरची हाय ती."

निघताना मावशीनं शेंगांची पिशवी हातात दिली आणि सहज विचारलं, "आमची नळी झरोक्यातनं भाईर निघाली. तुमच्या मोठ्या समुद्राची नळी कुटं काडायची गं?" वडाप सुटलं, मी नुसता हात हलवला.

परवा काकांचा फोटो आला. उरलेल्या दोघींपैकी एकीच्या शंखाला नवी कड फुटलीय, नखाएवढी, पांढरीशुभ्र. धक्क्यावरच मी आनंदानं ओरडले, लोक बघायला लागले. मग खाली खडकावर उतरले आणि एक गोगलगाय उचलून तिची कड पाहिली. इतकी वर्षं बाटल्या भरतेय, पण हे कधी केलं नव्हतं. कड शाबूत होती. तिला हलकेच पाण्यात ठेवलं. मावशीला फोन लावायचाय, पण तिच्या नळीच्या प्रश्नाला काय सांगू?