कोरं ताट

भांडं उलटं करून दुकानातले काका ते डाव्या हाताच्या पाच बोटांवर तोलायचे, उजव्या हाताच्या नखानं त्याला एक टिचकी मारायचे आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी नेऊन म्हणायचे, "ऐका."

गिऱ्हाईक ऐकायचं. दुसरं करणार काय? "बसका आवाज म्हणजे पत्रा पातळ," ते समजावून सांगायचे. मला जाड पत्रा आणि पातळ पत्रा यांच्या आवाजातला फरक पहिले सहा महिने तरी कळला नाही, पण मी मान डोलवायचे. तुम्हीही डोलावली असती. त्यांच्यासमोर न डोलावणं शक्यच नव्हतं.

नाशिकच्या भांडीबाजारातल्या एका दुकानात ते नोकरीला होते. मालक गल्ल्यावर बसायचे आणि हे उंबऱ्याजवळच्या स्टुलावर, म्हणजे दुकान त्यांचंच आहे असं नवख्या माणसाला वाटावं. पांढरा पायजमा, कोपरापर्यंत दुमडलेला शर्ट, आणि कानावर पेन्सिल. मी त्यांना काका म्हणायचे. नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही, आणि तेव्हा त्यात काही चुकतंय असंही वाटलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला सरकारी कचेरीत नोकरी लागली होती आणि निफाडजवळच्या आमच्या गावाहून रोज एसटीनं येऊन-जाऊन मी मेटाकुटीला आले होते. शेवटी इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोलणंच टाकलं. लग्न न झालेल्या मुलीनं एकटीनं बिऱ्हाड करायचं, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. आईचा मुद्दा वेगळा होता. "भांडी कशाला घेती गं? लग्नात येतीलच ना ढिगानं," ती म्हणाली. म्हणजे तोपर्यंत मी ओंजळीत जेवायचं होतं बहुतेक.

स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा, एक वातीचा स्टोव्ह आणि शेजारणीकडून आणलेलं एक पातेलं होतं. एका मासिकात "नव्या संसाराला लागणाऱ्या वस्तू" अशी यादी आली होती. ती उतरवून घेऊन मी भांडीबाजारात गेले.

काकांनी यादी हातात घेतली, चष्मा लावला आणि कानावरची पेन्सिल काढली.

"किसणी. काय किसणार?"

"गाजर."

"शेवटचं गाजर कधी किसलं होतं, ताई?"

"आई किसते घरी."

"मग किसू द्या त्यांना." किसणीवर काट मारली. पुरणयंत्रावर काट मारली. सोऱ्यावर तर माझ्याकडे न बघताच मारली. गल्ल्यावरचे मालक हताशपणे हे पाहत होते. तेवीस वस्तूंची यादी नऊवर आली: कुकर, तवा, कढई, परात, पोळपाट-लाटणं, विळी, डाव, दोन डबे आणि ताट. सांडशीसुद्धा त्यांनी कापली. "हात पोळला की घ्या. आधी घेतली तर वेळेला सापडत नाही."

पुढच्याच आठवड्यात दोन बोटांना मलम लावून मी दुकानात हजर. त्यांनी बोटांकडे पाहिलं. वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेली सांडशी काढली आणि पुढे ठेवली. माझ्यासाठी ती त्यांनी यादीतून कापली त्याच दिवशी बाजूला काढून ठेवली होती.

पण मला सांगायचं आहे ते ताटाबद्दल. मी एक ताट मागितलं होतं. त्यांनी दोन काढली.

"एकच हवंय. मी एकटीच असते."

"म्हणून तर दोन. एकटं ताट आम्ही विकत नाही."

मी मालकांकडे पाहिलं. मालकांनी छताकडे पाहिलं. असा काही नियम दुकानात नव्हता, हे त्यावरून उघडच होतं.

"दुसरं कोणाला?" मी विचारलं.

"येणाऱ्याला," ते म्हणाले आणि छिन्नी-हातोडी काढून बसले. बाजारात सगळीकडे नाव टाकायची मशीनं घरघरायला लागली होती, पण हे अजून ठिपक्याठिपक्यांनी हातानं नाव घालायचे. "कोणाकडून, कोणाला?" त्यांनी सवयीनं विचारलं. भांडं घेणारा बहुधा दुसऱ्याला द्यायलाच घेतो ना, लग्नात नाहीतर वास्तुशांतीला.

"माझ्याकडून. मलाच," मी म्हटलं आणि उगाच ओशाळले.

ते ओशाळले नाहीत. "मग नुसतं नाव पुरे," म्हणाले. वडिलांचं नाव नाही, नवऱ्याचं नाही, आडनाव नाही. आमच्या घरातल्या एकाही भांड्यावर कुठल्या बाईचं नुसतं नाव मी पाहिलं नव्हतं. ते ठिपके पडताना मी बघत राहिले. दुसरं ताट मात्र त्यांनी तसंच कोरं दिलं. "याच्यावर नाव नको. जो येईल त्याचं."

त्यानंतर मी कधी चाळणीला, कधी झाऱ्याला जायचे, आणि दर वेळी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "दुसरं उष्टं झालं का?"

नव्हतं झालं. कचेरीतल्या मैत्रिणी यायच्या, चहा पिऊन जायच्या. आणि खरं सांगायचं तर त्या ताटावर मला अण्णाच बसायला हवे होते. दुसऱ्या कुणाला ते वाढायचं माझ्या जिवावर यायचं. पंधरा-पंधरा दिवसांनी अण्णा गावातल्या टेम्पोतून टोमॅटोचे क्रेट घेऊन नाशिकच्या मार्केटला यायचे. माल उतरला की वाट वाकडी करून इंदिरानगरला यायचे, ड्रायव्हरच्या हाती बाजरीची पिशवी वर पाठवायचे, आणि स्वतः खाली टेम्पोत बसून राहायचे. मी खिडकीतून पाहायचे. त्यांचं टोपी घातलेलं डोकं दिसायचं, बाकी काही नाही. "ताई, अण्णा म्हणत्यात वर नाय येणार," ड्रायव्हर बिचारा खाली मान घालून सांगायचा.

एकदा काकांनी उष्ट्याचं विचारलं आणि मला दुकानातच रडू आलं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, हातातला डबा फडक्यानं पुसत राहिले.

"बाजरी कशात मळता?"

"परातीत."

"परात नको." आत जाऊन त्यांनी एक लाकडी काठवट आणली. गावाकडे भाकरीचं पीठ मळायला असते तशी, जड. "जुन्या माणसाला हिच्यातली भाकरी कळते. आणि वर बोलवू नका त्यांना. किती वेळा बोलवाल? माणूस येत नसेल तर ताट जातं, ताई."

पुढच्या खेपेला टेम्पो खाली थांबला तेव्हा माझी भाकरी तव्यावर होती. कोऱ्या ताटात भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, फोडलेला कांदा असं वाढलं आणि तीन जिने उतरून गेले. अण्णांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मी ताट धरून उभी. ड्रायव्हर गाडीचं चाक तपासायला उगाच पलीकडे गेला.

"दे इकडं," शेवटी ते म्हणाले. "अन्न हाय म्हणून घेतो."

ताट त्यांच्या मांडीवर ठेवून मी वर पळत आले. खिडकीपाशी जायचं धाडस झालं नाही. पंधरा मिनिटांनी दारात चपला वाजल्या. अण्णा उभे होते, तीन जिने चढून धापा टाकत, हातात उष्टं ताट.

"कुठं धुवायचं हे?" त्यांनी विचारलं.

मी ताट घ्यायला पुढे झाले तर त्यांनी दिलं नाही. मोरीपर्यंत स्वतः आले, जाता जाता ओटा पाहिला, डबे पाहिले, काठवटीवरून हात फिरवला. पाणी प्यायले. माझ्या ताटावरचं नुसतं नाव त्यांनी लांब धरून वाचलं आणि ताट जागेवर ठेवलं. निघताना म्हणाले, "मीठ लय टाकती तू. तुझ्या आईसारखंच." त्या दिवसानंतर ते दर खेपेला वर यायला लागले.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी तडक भांडीबाजारात गेले. त्यांनी विचारायच्या आत सांगितलं, "झालं उष्टं." ते एका बाईंच्या कानाशी तांब्या वाजवत होते. तांब्या खाली ठेवला. इतके हसलेले ते मला आधी कधी दिसले नव्हते, नंतरही नाही.

"आता तुम्ही यायचं जेवायला," मी म्हटलं.

"आधी तुम्ही," ते म्हणाले. "माझ्याकडेही दोन ताटं आहेत. एखाद्या रविवारी या. पूल ओलांडला की डावीकडे, पुढे पिंपळाचा पार, पार सोडला की दुसरा जिना. पिठलं-भात छान करतो मी."

"येते ना," मी म्हटलं.

आपण म्हणतो तसं म्हटलं. रविवारी धुणं असायचं, गावाला जाणं असायचं, कधी नुसती झोप असायची. त्यांनी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, आणि याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. मग माझी धुळ्याला बदली झाली. स्वयंपाकघर दोन खोक्यांत मावलं. निरोप घ्यायला गेले तर ते मालाच्या खरेदीला मुंबईला गेलेले. पुन्हा येऊच की, म्हणून मी निघाले.

परत यायला आठ वर्षं लागली. मधल्या काळात लग्न झालं, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे भांडी ढिगानं आली. ती सगळी माळ्यावर आहेत. ओट्यावर अजून काकांनी दिलेलीच वापरते.

दुकानात गेले तेव्हा उंबऱ्याजवळ स्टूल नव्हतं. तिथे नॉनस्टिक तवे टांगले होते. गल्ल्यावर मालकांचा मुलगा होता.

"ते? ते वारले. मागच्या पावसाळ्यात," तो म्हणाला. "एकटेच होते. खोली आम्हीच रिकामी केली."

मी विचारलं, "त्यांची ताटं?"

त्याला प्रश्न विचित्र वाटला असणार, पण त्यानं सांगितलं. "दोन निघाली. एक पार झिजलेलं, नावही वाचता येत नव्हतं. ते मोडीत गेलं. दुसरं बघाल तर एकदम नवं. कागदसुद्धा काढला नव्हता त्याचा. ते दुकानातच लावलं, विकलं गेलं."

"एकटंच?"

"हो. एक बाई आल्या होत्या, सातपूरला नोकरी करतात. नवी खोली घेतलीय म्हणाल्या. एकच पाहिजे होतं त्यांना."

काकांनी दिलं नसतं. मी तिथे उभी राहून आधी त्याच गोष्टीवर चिडले. मग वाटलं, ते ताट आता त्या बाईंकडे रोज दोन वेळा उष्टं होत असेल. माझ्याकडून एका रविवारी झालं नाही ते.

मी त्याच मापाचं एक ताट काढायला लावलं. बोटांवर उलटं तोललं, टिचकी मारली, कानाशी नेलं. पत्रा जाड होता. आता मला कळतं.

"हे कागदात बांधून वरच्या फळीवर ठेवा," मी म्हटलं. "त्या बाई परत आल्या की त्यांना द्या. माझ्याकडून."

"नाव टाकू का? मशीन आहे," तो म्हणाला.

"नको. कोरंच राहू दे."

बाहेर आले. पूल ओलांडला की डावीकडे, पुढे पिंपळाचा पार, पार सोडला की दुसरा जिना. पत्ता मला अजून तोंडपाठ आहे.