तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

हॉलमधल्या कॉम्प्युटरला मी पासवर्ड घातला, तेव्हा घरात जो गहजब झाला, तो मी चूल वेगळी मांडली असती तरी झाला नसता.

का घातला, हे मात्र कुणी विचारलं नाही. शाळेतून रिटायर झाल्यापासून रोज दुपारी मी आईच्या आठवणी टाइप करत होते. एका रविवारी यांचे मित्र पोहे खायला आले. जुने फोटो दाखवता दाखवता यांना माझी फाइल सापडली, आणि यांनी ती सरळ मोठ्याने वाचायला घेतली. आई शेवटी मला ओळखेनाशी झाली होती, मी समोर बसलेली असताना मलाच हाका मारायची, नेमका तो भाग. "वाह, भाभीजी तो लेखिका निकल्या!" मित्र म्हणाले, आणि सगळे हसले. हेही हसले. मी शेवेची वाटी घेऊन दारात उभी होते. तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळीच पासवर्ड घातला.

दुसऱ्या दिवशी चोराच्या उलट्या बोंबा सुरू. "घरच्या घरात लॉक? ये क्या बात हुई? आम्ही काय चोर आहोत?"

"हवा तेव्हा उघडून देईन," मी म्हटलं. "पण पासवर्ड सांगणार नाही."

यांना तो अपमान वाटला. मुलाला हाताशी धरून दोघे कॉम्प्युटरसमोर बसले. पासवर्ड विसरला असेल तर कॉम्प्युटर तीन प्रश्न विचारतो. मी समोरच मटार सोलत बसले. म्हटलं, बघू तरी.

जन्म कुठल्या शहरात? उज्जैन. सर्वांत मोठ्या चुलतभावाचं नाव? तेही यांना पाठ, दर दिवाळीला त्याच्याकडून शर्टपीस येतो ना! तिसरा प्रश्न, लहानपणचं नाव. यांनी झटकन माझं नाव टाकलं, जे चाळीस वर्षांपूर्वी यांनीच ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं होतं. कॉम्प्युटर म्हणाला, चूक. स्पेलिंग बदलून टाकलं. चूकच.

"हिचं आणखी काय नाव असणार?" हे मुलाला म्हणाले. मला नाही, मुलाला!

मला एक नाव होतं. शाळेच्या हजेरीत होतं, लग्नाच्या पत्रिकेत होतं. लग्नानंतर सासरी एकदाही कुणी घेतलं नाही. घेत होती ती एकटी आई, आणि ती गेली.

मुलगा वैतागला. "आई, सांगून दे ना, फालतू में टेन्शन. नाही तर फॉर्मेट मारून देतो. फोटो तर माझ्या मोबाइलमध्ये आहेतच."

फोटो होते. माझी पानं दुसरीकडे कुठेच नव्हती. तीन वर्षं टाइप केलेली माझी आई तो एका मिनिटात पुसायला निघाला होता, कारण त्याच्या बापाला बायकोचं नाव माहीत नव्हतं. माझ्या हातातली परात खाली पडली आणि मटार घरभर झाले.

"खबरदार!" मी ओरडले. या घरात मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. मुलाचा हात माऊसवरून निघाला.

हे नरमले. "अगं, पण मला माहीत असायला तू कधी सांगितलंस का?"

"तुम्ही वाचलंत ते," मी म्हटलं. "रविवारी. मोठ्याने, मित्रांसमोर. आई मला हाका मारायची ना, त्या पानावर. तीनदा आहे."

हे स्क्रीनकडे बघत राहिले. कपाळाला आठ्या घालून, आठवायचा अगदी मनापासून प्रयत्न करत.

मी खाली बसून मटार वेचले. सगळे वेचून झाले, तरी यांना आठवलं नव्हतं.