चोरओटी

माझा स्वभाव तापट आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणत. मला तसं वाटत नाही. पहाटे पाणी भरून, दोन्ही वेळचा स्वयंपाक एकदम उरकून, घंटेच्या आत मुलींच्या सरकारी शाळेत फळ्यापुढे उभं राहायचं, एवढं ज्या बाईला रोज करावं लागतं तिच्याकडे गोड बोलायला वेळ कमी असतो, इतकंच.

राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं आणि आम्ही बालाघाटवाले अलीकडे राहिलो, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. शाळेत मी हिंदीतून भूगोल शिकवत असे. मुली मला बहनजी म्हणत. घरी आलं की सासूबाईंची लांजीकडची मराठी सुरू होई. सासरे आणि थोरले दीर लांजीला धानाची शेती बघत, आणि सासूबाई मात्र आमच्याकडे राहत, कारण मी नोकरी करणारी आणि माझे यजमान जंगल खात्यात, सदा दौऱ्यावर. शिवाय आमचं घर रिकामं होतं. ते त्यांना बघवत नसे. मला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्यानंतर बरीच वर्षं काहीच नाही. मी चाळिशीला आले होते.

घरात विटाळाचे नियम कडक होते. कावळा शिवला की मागच्या पडवीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या, आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात. शाळेला तेवढी सूट मिळाली होती, कारण सरकारी नोकरीला विटाळ चालत नाही हे सासूबाईंनी एकदाचं मान्य केलं होतं. शाळेतून आलं की पुन्हा पडवी. लग्न झाल्यापासून मी हे कुरकुरत का होईना, पाळत आले.

मग माझं रक्त थांबेनासं झालं. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यावं आणि आठवडा उलटला तरी चालूच. थांबलं असं वाटावं तोवर पुन्हा सुरू. खाली सतत जड वाटे, कंबर मोडून येई. नियमानं वागायचं तर मला पडवीतच बिऱ्हाड करावं लागलं असतं, आणि सासूबाईंनी आपले धरलेले गुडघे घेऊन विहिरीवरून घागरी ओढल्या असत्या. त्या ओढत होत्याच. एकदा जोत्याची पायरी चढताना त्यांनी खांब धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. ते मी पडवीतून पाहिलं, आणि ठरवून टाकलं. पुढच्या वेळी मी कुणाला काही सांगितलंच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले, देवघरातलं निरांजन घासलं, नैवेद्याचा भात लावला. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही. आमच्यासारख्या घरात बाई दूर बसायची थांबली, तर त्याचा अर्थ एकच काढतात. त्यातून माझं पोट दिसायला लागलं होतं. मला वाटलं, वय झालं, सुटलं असेल.

सासूबाई अचानक मऊ झाल्या. मी घागर उचलली की म्हणायच्या, "राहू दे, ठेव खाली. मी आहो ना." कैऱ्या बाजारात आल्या तशी रोज ताटात मीठ लावलेली फोड. "आंबट खाऊशी वाटते का तुले?" मला आंबट आवडतं, मी खायची. दुपारी त्या खिडकीपाशी बसून जुन्या लुगड्यांचे मऊ तुकडे जोडून काहीतरी शिवत असायच्या. त्यात माझं एक विटलेलं जांभळं लुगडं होतं आणि यजमानांचं जुनं धोतर. थोरल्या दिरांकडे नातवंड व्हायचं होतं, त्याच्यासाठी दुपटं असेल म्हणून मी विचारलंही नाही. शेजारच्या बाया माझ्याकडे बघून हसत होत्या. मला वाटलं, म्हातारपणी माणूस निवळतं ते असं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा रविवार होता. यजमान बैहरकडे दौऱ्यावर गेले होते. सासूबाईंनी मला हिरवं लुगडं नेसायला लावलं. देवघरापुढे पाट मांडला, भोवती रांगोळीचं एक बोट ओढलं. काय आहे म्हटलं तर म्हणाल्या, "बस, पूर्वेकडे तोंड कर." मी बसले. त्यांनी मला कुंकू लावलं आणि सुपातून हिरवा खण, नारळ, तांदूळ उचलले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवस राहिल्यावर सुरुवातीला, बाहेर कुणाला कळू न देता घरातल्या घरात भरतात ती चोरओटी. त्या माझी चोरओटी भरत होत्या.

त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. ओठ हलत होते, बहुतेक देवीला काही बोलत होत्या. आणि मला त्याच घडीला भरभरून जात होतं. हिरव्या लुगड्याच्या आत घड्या घालून बांधलेलं फडकं भिजून चाललं होतं. पदर पुढे करायचा की उठायचं, हे मला कळेना. गप्प राहून ओटी घ्यावी आणि नंतर काहीतरी सांगून टाळावं, असंही एक क्षण मनात आलं. पण नारळ माझ्या पदरात पडला, त्याचं वजन मांडीवर आलं, आणि मला ते सहन झालं नाही.

"आत्याबाई, थांबा," मी म्हटलं. "मी आत्ता बाहेरची आहे."

त्यांचे हात तांदळासकट तसेच राहिले. मी सगळं सांगितलं. किती महिने चाललंय, पडवीत का बसले नाही, देवघरात कशी गेले. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. त्यांनी तांदूळ पुन्हा सुपात टाकले, माझ्या पदरातला नारळ उचलला आणि देवाकडे बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "इतके दिवस देवाले काही झालं नाही. तुलेच झालं. काहून सांगतलं नाही?"

"तुमचे गुडघे," मी म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी सगळी देवपूजेची भांडी चिंच लावून घासली, देवांना पंचामृतानं न्हाऊ घातलं. खिडकीपाशी शिवत असलेलं ते दुपटं सुईदोऱ्यासकट ट्रंकेत गेलं. रात्री त्या जेवल्या नाहीत. मलाही जेवण गेलं नाही. मूल नव्हतंच, हे मला आधीपासून माहीत होतं, तरी काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं.

सरकारी दवाखान्यातल्या लेडी डॉक्टरनं दुसऱ्याच दिवशी तपासलं. बाई सागरकडची होती, हिंदी बोलणारी, मोजून बोलायची. पिशवीत गाठी आहेत म्हणाली, एक नाही, बऱ्याच. त्यामुळेच पोट चार महिन्यांसारखं लागतं. मी कॅन्सरचं विचारलं, तर मान हलवून म्हणाली, "नहीं बहनजी, ये वैसी गाँठें नहीं हैं." अंगात रक्त फार कमी झालंय, म्हणाली. मग तिनं दोन्ही रस्ते सांगितले. एक, नागपूरला जाऊन पिशवी काढायची. दुसरा, काही न करता लोहाच्या गोळ्या खात राहायचं. पाळी जायची वेळ आली की रक्तही थांबतं आणि गाठीही आपोआप सुकतात. ती वेळ कधी येईल ते सांगता येत नाही, आठ वर्षंही लागतील. नुसत्या गाठी काढून पिशवी ठेवता येते का, विचारलं, तर म्हणाली, कधी कधी येते, पण इतक्या गाठी असल्यावर भरवसा नाही, पुन्हाही होतात.

"मी काय करू?" मी विचारलं.

"दोनों ठीक हैं. आप से कितना सहा जाता है, वो आप जानती हैं."

मला राग आला. मला हुकूम हवा होता आणि तिनं निवड हातात ठेवली. नंतर बऱ्याच दिवसांनी पटलं की तीच खरं बोलली होती.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांचं मत तिथल्या तिथे पक्कं झालं. "गाठी राहू दे. पिशवी असली तं आशा असते."

"आशा तुमची, रक्त माझं," मी म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं.

पण नुसतं बोलून भागणार नव्हतं. मी त्यांना घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले. मी सांगितलेलं त्यांना खरं वाटणार नाही हे मला ठाऊक होतं. त्यांनी आपल्या हिंदीत थेट विचारलं, "लेकिन डाक्टरीनबाई, लेकरू होएगा क्या?" लेडी डॉक्टर म्हणाली, "मुश्किल है, अम्मा." रस्त्यात सासूबाई मला म्हणाल्या, "मुश्कील म्हणली. नाही म्हणली नाही."

यजमान दौऱ्यावरून आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. बराच वेळ पायातले बूट सोडत बसले आणि म्हणाले, "तू म्हणशीन तसं." त्यावर मी इतकी चिडले की दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. माझ्या म्हणण्याप्रमाणे करणाऱ्या माणसाचं स्वतःचं काही म्हणणं असावं की नाही?

शेवटी मीच एक तोडगा काढला. सासूबाईंना म्हटलं, हा पावसाळा तुमचा. तुम्ही म्हणाल ते औषध घेईन, गोळ्याही घेईन, दिवाळीपर्यंत काही कापाकापी नाही. पण दिवाळीनंतर मी ठरवीन ते होईल आणि त्यावर वाद नाही. त्या कबूल झाल्या. लामत्याच्या वैद्याकडून अशोकाची साल आणली, रोज सकाळी काढा उकळून पेला पुढे करायच्या. मी एकही दिवस न चुकवता तो कडू काढा प्यायले. अर्धवट प्यायले असते तर त्यांना पुढे म्हणायला जागा राहिली असती, आणि मला तर ती ठेवायचीच नव्हती. पण खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, लागू पडावं. रात्री पोटावर हात ठेवून मीही त्या 'मुश्कील' शब्दाला धरून असायची. सासूबाई उघड बोलत, मी बोलत नसे, इतकाच आमच्यात फरक होता.

पडवीत बसणं त्या पावसाळ्यात बंद झालं. कुणी तसं म्हटलं नाही. चटई गुंडाळून माळ्यावर गेली आणि परत खाली आली नाही.

काढ्यानं काही फरक पडला नाही. पोळ्यापर्यंत जिना चढताना धाप लागायला लागली. शाळेत नकाशा लावायला हात वर केला की डोळ्यांपुढे काळं यायचं, म्हणून मी मुलींकडून नकाशा लावून घेई आणि खुर्चीवरून छडीनं नद्या दाखवी. भूगोलाची बाई खुर्चीवरून नर्मदा दाखवते, याची मला भयंकर लाज वाटत असे. पाळी जायला आठ वर्षं म्हणजे आठ वर्षं ही खुर्ची. नोकरीत तोवर मला कुणी ठेवलं नसतं. ठेवलं असतं तरी मीच टिकले नसते.

दिवाळी झाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, नाताळच्या सुट्टीत नागपूरला जायचं, पिशवी काढायची. सासूबाई उठून आत गेल्या. यजमान तिथेच बसले होते. या वेळी ते बोलले.

"मले लेकरू नको असं नाही," ते म्हणाले. "पण त्या दिवशी तू शाळेतून येऊन राह्यली होती, भिंतीले हात लावत लावत. मी समोरून पाह्यत होतो. तवा मले लेकराचं काही आठवलं नाही."

हे सहा महिन्यांपूर्वी सांगता आलं नसतं का, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकला.

नागपूरला सासूबाई आपणहून आल्या. मी नको म्हटलं नाही. ऑपरेशनच्या खोलीत नेताना त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला, आणि मला भीती वाटत होती ती तेव्हा एकदम वर आली. मी त्यांचा हात धरला. सोडवून घ्यावा लागला नर्सला. शुद्धीवर आले तेव्हा पोट म्हणजे पेटलेला निखारा झाला होता आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. दुखतंय म्हणून रडते आहे असं मी सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी ते खरं धरलं नाही आणि खोटंही पाडलं नाही.

दवाखान्यातल्या त्या सगळ्या दिवसांत त्या व्हरांड्यात बसून काहीतरी शिवत होत्या. मी पडल्या पडल्या त्यांची पाठ तेवढी बघत असे.

परत येताना गोंदियाला मोठी लाइन सोडली आणि अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीत बसलो. ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केलाय त्यांना तिचे हिसके सांगायला नकोत. गाडी सुटली तशी मी दात आवळून पोट दोन्ही हातांनी धरलं. सासूबाईंनी बोचकं सोडलं आणि आतून ते दुपटं काढलं. माझं जांभळं लुगडं, यजमानांचं धोतर. पुरं झालं होतं. फक्त दोन्ही बाजूंना त्यांच्या स्वतःच्या लुगड्याची एकेक पट्टी जोडलेली होती. तान्ह्या मुलासाठी बेतलेलं ते दुपटं आता माझ्या पोटाभोवती पुरेल एवढं रुंद झालं होतं.

"पोटावर घट्ट धर," त्या म्हणाल्या. "टाके हालतीन."

मी धरलं. बालाघाट येईपर्यंत त्यांनी वरून आपला हात ठेवला होता.