बिटाची काकवी

जर्मनीतल्या अख्ख्या बॉबलिंगेनमध्ये आमच्या काकांपेक्षा हट्टी माणूस कुणी दाखवला, तर मी त्याला पुरणपोळीचं जेवण घालीन. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. ह्यांच्या ऑफिसातले, आता रिटायर झालेले इंजिनिअर. मूळचे कऱ्हाडकडचे. उभा जन्म गिअरबॉक्स तपासण्यात गेला, पण बोलायला लागले की गाडी येऊन थांबणार ती वडिलांच्या गुऱ्हाळावर. वाटेनं जाणारा कुणीही तिथं डोकावला, तरी रस आणि काकवी दिल्याशिवाय वडील त्याला सोडत नसत, हे मी किमान दोनशे वेळा ऐकलंय. आता ऊस कारखान्याला जातो आणि रस आटवायची ती काहील कधीच भंगारात गेली. दुकानातली काकवी काका बोटावर घेतात, चाटतात आणि बाटली मलाच देऊन टाकतात. "मरायच्या आधी एकदा ती चव लागली पाहिजे," एवढंच म्हणणं.

इथं ऊस कुठला? मग काकांनी गावाबाहेर भाड्यानं घेतलेल्या बागेत साखरेचं पांढरं बीट लावलं. कच्चं किसायचं, पिळायचं, उकळायचं. पहिल्या वर्षी मातीची चव आली, दुसऱ्या वर्षी करपलं. तिसऱ्या वर्षी, वडील रसावरची मळी काढायला भेंडी वापरायचे म्हणून, फ्रँकफर्टहून चार किलो भेंडी आणली. दरवेळी वाटी माझ्यापुढे, वर "खरं सांग." मी खरं सांगायची, आणि ते थर्मामीटरचे आकडे वहीत उतरवायचे. एकदा मी बोलून गेले, की तुमच्या वडिलांकडे कुठं थर्मामीटर होता. दोन दिवस फोन नाही. माझंच मला वाईट वाटलं.

शेजारच्या बागेत ऐंशीच्या पुढची एक जर्मन बाई. कुंपणाची उंची टेपनं मोजून फेराइनकडे, म्हणजे बागवाल्यांच्या मंडळाकडे, तक्रार करणारी. बागेत चूल पेटवायला बंदी, आणि गेल्या ऑक्टोबरात धूर बघून ती तरातरा आली. मी चुलीतली लाकडं ओढायला धावले. काकांनी मात्र ती काही बोलायच्या आत तिच्या हातात वाटी दिली. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकामं कसं पाठवायचं?

तिनं चाखलं आणि बाकावरच बसली. म्हणाली, तुमचं सगळं चुकतंय. बीट आधी शिजवायचं, मग पिळायचं. युद्धानंतर तिची आई कपडे उकळायच्या हंड्यात हेच करायची, आणि ढवळायचं काम हिच्याकडे. मग तिनं काकांच्या हातातलं उलथनंच काढून घेतलं. उरलेली बिटं शिजवून, पिळून, संध्याकाळपर्यंत रस आटवला, काकांना जवळ फिरकू दिलं नाही.

काळाभोर, दाट पाक झाला. काकांनी बोटावर घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "ही आमची नाही."

मग तिनं चाखला. डोळे मिटले. "गेनाऊ," म्हणजे अगदी हीच, असं हळूच म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली. गालावरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. काकांनी पाकाचा डबा उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

यंदा काकांनी दुप्पट बीट लावलंय. वही, थर्मामीटर मात्र घरीच. मी विचारलं, "काका, आणि तुमची चव?"

"माझी राहू दे गं," म्हणाले. "तिची तर सापडली."

आणि यंदाच्या पाकाची वाटी घेऊन फाटकाशी जाऊन उभे राहिले, वाटेनं कुणी येतंय का बघत.