ताईची हिरवी बाटली

कल्याणच्या इस्पितळात ताईला शेवटचं भेटलो, तेव्हा मी फुशारकीनं सांगितलं, "तुझ्या बाटलीतलं सकाळचं हिरवं पाणी दुपारपर्यंत लालभडक झालं." ती म्हणाली, "बरं झालं रे. पोटभर जेवले." चार दिवसांनी ती गेली.

ताई, माझी थोरली बहीण, शहापूरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर किन्हवलीच्या घरी, लोक मांजर पाळतात तशी तिनं खिडकीत एक बाटली पाळली होती. तिच्यात कुठल्याशा खाणीतून आणलेले जिवाणू होते, आंबट पाण्यातच राहणारे. भातावर फवारायला धसईच्या खतांच्या दुकानातून आणतो ना, तो हिराकस, म्हणजे लोखंडाचं हिरवट मीठ, हा त्यांचा खुराक. "लोखंडातला विजेचा कण काढून हवेतल्या प्राणवायूला देतात, आनि त्या देवघेवीवर जगतात," ती सांगायची. "पन मिळतं चिमूटभर, म्हणून खायाला लागतं ढीगभर." हिरवं पाणी सावकाश तांबूस झालं की समजायचं, जेवण झालं. मी आयुष्यभर पोरांना पाढे शिकवले, मला यातलं निम्मंच कळे.

इस्पितळात जाताना तिनं बाटली माझ्या हवाली केली. "परत येईन तवा मला जिती पायजेत." तीन दिवस पाणी हिरवंच... मला वाटलं, एवढ्या आंबटात बिचाऱ्यांच्या घशाखाली घास तरी कसा उतरणार? चौथ्या दिवशी सकाळी तंबाखूच्या डबीतला सगळा चुना मी आत टाकला. पाणी गढूळलं आणि दुपारपर्यंत गंजासारखं लाल झालं. केवढा खूश झालो होतो मी.

दहाव्याला चारचौघांत मी म्हणालो, ताई जन्मात कधी खोटं बोलली नाही. त्यानंतर तिची वही हाती आली. आंबट पाण्यात विरघळलेलं लोखंड हवेनं सहसा गंजत नाही, म्हणून तर ते या जिवाणूंच्या वाट्याला येतं, असं तिनं लिहून ठेवलंय. आंबटपणा गेला की लोखंड आपलं आपणच गंजतं आणि हे राहतात उपाशी. खाली रेघ मारून लिहिलंय, 'रंग चार-पाच दिवसांत बदलतो. काही तासांत बदलला तर ते यांचं काम नव्हे.'

म्हणजे तिला तिथंच कळलं होतं? की औषधांच्या गुंगीत ध्यानातच आलं नसेल? तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तळाचा थोडा गाळ ठेवून, तिनं हिराकस कालवून ठेवलेलं शेवटचं आंबट पाणी मी बाटलीत ओतलंय. आज आठवा दिवस, पाणी हिरवंच आहे. सकाळी बायकोनं विचारलं, "मेलेत काय हो ते?"

"नाय गो," मी म्हणालो, "जेवतायत."