आधी शेवटचं दार

नात आणि धाकटा नातू मला टॅबवरचा एक खेळ शिकवत होते. डोंगरावरच्या तळ्याचं पाणी चार दारं उघडून खालच्या बागांना पोचवायचं होतं. मी पहिलं दार उघडलं. पाणी तिथंच मुरलं, खालची झाडं वाळली.

"आबा हरले!" नातू ओरडला.

"पहिलं कावून उघडलं, आबा?" नात म्हणाली. "आधी शेवटचं उघडायचं, मग वर यायचं. लई सोपं हाय."

तिनं तसं केलं. पाणी चमकत पार शेवटच्या बागेत गेलं आणि चारही बागा फुलल्या. मी थक्क झालो. आमच्या पाणीवापर संस्थेचा नियम हाच होता, पाण्याची पाळी शेपटाकडून, म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेतापासून सुरू करायची. आठ वर्षांच्या पोरीला तो कुणी सांगितला नव्हता.

दुष्काळात मी त्या संस्थेचा अध्यक्ष होतो. मी आधी माझं शेत भिजवलं आणि शेपटाकडच्यांना सांगितलं की, खाली पाणी नेणाऱ्या चारीचं दार गंजून अडकलंय. त्यांची मोसंबी जळाली. दार अडकलं नव्हतं. किल्ली माझ्या खिशात होती.

हे मी पोरांना सांगितलं.

"त्यांना सांगितलं का?" नातीनं विचारलं.

"न्हाई."

तिनं टॅब ठेवला आणि माझ्या चपला आणून पुढ्यात मांडल्या. शेपटाकडच्या वस्तीवर आम्ही तिघं चालतच गेलो.