खुर्चीवरचा टॉवेल

माझ्या कादंबरीतला नेता ‘इथं सगळे समान’ अशी पाटी लावून गाव वसवतो आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकून घेतो. काल तिच्या प्रकाशनाला आमदार आले. मंचावरच्या खुर्च्या सगळ्या सारख्याच होत्या. पण एका कार्यकर्त्यानं धावत येऊन मधल्या खुर्चीवर टॉवेल टाकला. मी वैतागलो आणि नेमका तोच उतारा मोठ्यानं वाचला. आमदार पोट धरून हसले. “अहो, असतात हो अशी माणसं!” म्हणाले आणि ऐसपैस रेलले. आता लिहायचं तरी कुणासाठी?

ते अर्ध्यातूनच निघून गेले. आयोजक मला म्हणाले, “सर, तुम्ही मध्ये बसा ना.”

टॉवेल जरा घसरला होता. तो सारखा करून मगच मी टेकलो.